बाळाच्या वेदनेला तक्त्यात रकाना हवा

दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाबद्दल घरचे सांगतात, "बाळाला काचेत ठेवलंय." काचेत ठेवल्यावर पुढे काय काय होते, हे मात्र त्यांना सहसा कुणी सांगत नाही. टाच टोचून साखर तपासली जाते. जोखमीच्या बाळात दुसऱ्या, सहाव्या, बाराव्या, चोविसाव्या, अठ्ठेचाळिसाव्या आणि बहात्तराव्या तासाला, आणि साखर कमी निघाली तर मध्ये आणखी अनेकदा. सलाइनसाठी हातात किंवा पायात २४ किंवा २६ गेजची सुई जाते. ती शीर एक-दोन दिवसांत सुजते, मग दुसरा हात. तोंडातून किंवा नाकातून पोटात नळी, घशातला स्राव ओढून काढणे, कातडीला घट्ट बसलेली चिकटपट्टी सोडवणे, श्वासाला दाबाने हवा देणाऱ्या सीपॅप यंत्राच्या नाकातल्या नळ्या (प्राँग्ज), रक्ताचे नमुने. काही बाळांना श्वासनलिकेत नळी, काहींना छातीत.

हे किती वेळा घडते, याची नीट मोजदाद पॅरिस परिसरातल्या नवजात अतिदक्षता विभागांत झाली आणि २००८ साली प्रसिद्ध झाली. ४३० बाळे, प्रत्येकाचे दाखल झाल्यापासूनचे पहिले चौदा दिवस. दर बाळामागे दिवसाला दहा वेदनादायक प्रक्रिया, हा मध्यक (निम्म्या बाळांचा आकडा याहून कमी, निम्म्यांचा जास्त). सर्वाधिक आकडा एका दिवसात ५१. यातल्या ७९ टक्के प्रक्रियांच्या वेळी वेदना कमी करण्यासाठी त्या प्रक्रियेपुरता कोणताही उपाय झालेला नव्हता. फ्रान्ससारख्या देशातली ही गत. आपल्या जिल्हा रुग्णालयांतल्या एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात) आणि शहरांतल्या खासगी एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात) चित्र याहून बरे असेल, असे मानायला काही आधार नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की हा प्रश्न मुळात औषधांचा किंवा पैशांचा नाही, नोंदीचा आहे. नाडी, श्वास, तापमान, ऑक्सिजन, लघवी, पोटाचा घेर हे सगळे तक्त्यावर लिहिले जाते, म्हणून ते बिघडले की कुणीतरी धावते. वेदना लिहिली जात नाही, म्हणून तिच्यासाठी कुणी धावत नाही.

"एवढ्याशा बाळाला काय कळतंय?" हा समज फक्त आजीबाईंचा नव्हता. विसाव्या शतकात बराच काळ तो वैद्यकशास्त्राचाही होता. नवजात मेंदू अपक्व, मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरण अपुरे, तेव्हा वेदना पोचतच नसेल, असा तर्क होता. शिवाय भुलीच्या औषधाने बाळ दगावण्याची भीती होती आणि ती त्या काळात अगदीच खोटी नव्हती. म्हणून स्नायू शिथिल करणारे औषध आणि जुजबी नायट्रस ऑक्साइड एवढ्यावर मोठमोठ्या शस्त्रक्रिया होत. १९८५ साली अमेरिकेत जेफ्री लॉसन या अपुऱ्या दिवसांच्या बाळाची हृदयाजवळची रक्तवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया झाली, तीही केवळ स्नायू शिथिल करून. आईला हे नंतर कळले, तिने ते जाहीरपणे मांडले आणि गदारोळ झाला. त्याच सुमारास इंदूरला डॉक्टर होऊन ऑक्सफर्डला गेलेले कंवलजीत आनंद नेमक्या याच शस्त्रक्रियेवर काम करत होते. अर्ध्या बाळांना फेंटानिल हे मॉर्फिनच्या जातीचे जोरदार वेदनाशामक दिले, अर्ध्यांना नेहमीची पद्धत. फेंटानिल मिळालेल्या बाळांच्या रक्तातली ताणाची संप्रेरके कमी राहिली आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही कमी झाली. १९८७ साली ते प्रसिद्ध झाले. म्हणजे भूल देणे धोक्याचे म्हणून ती टाळायची, हा हिशेबच उलटा निघाला.

आज जे ठाऊक आहे ते याहून अवघडवणारे आहे. वेदना वर नेणारे मार्ग साधारण चोविसाव्या-पंचविसाव्या आठवड्यापर्यंत मेंदूच्या बाह्यकापर्यंत पोचलेले असतात. पण मेंदूकडून खाली येऊन वेदना दाबणारी यंत्रणा बरीच उशिरा पक्व होते. त्यामुळे बाळ जितके अपुऱ्या दिवसांचे तितकी वेदना त्याला कमी नव्हे, जास्त. टोचून झाल्यावर काही काळ नुसता लंगोट बदलला तरी ते दुखल्यासारखे आक्रसते. "मोठेपणी आठवत नाही" हे खरे, पण शरीर लक्षात ठेवते. जन्मानंतर भुलीविना सुंता झालेली मुले चार-सहा महिन्यांनी लसीच्या वेळी जास्त तीव्रतेने रडतात, हे कॅनडातल्या अभ्यासाने १९९७ सालीच दाखवले होते.

मग मोजायचे कसे? बाळ बोलत नाही, तोंडात नळी असेल तर रडूही शकत नाही. पण त्याचा चेहरा बोलतो. भुवयांमध्ये फुगवटा येतो, डोळे घट्ट मिटतात, नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी खोल होते. या तीन खुणा, हृदयगती किती वाढली, ऑक्सिजन किती उतरला, बाळ गर्भात किती आठवडे वाढले आणि टोचण्याआधी जागे होते की झोपलेले, अशा सात बाबींवर पीआयपीपी ही मापनपद्धती उभी आहे. कमाल गुण २१. सहापर्यंत वेदना नाही किंवा किरकोळ, बाराच्या वर मध्यम ते तीव्र. सुटसुटीत हवी असेल तर एनआयपीएस आहे: चेहरा, रडणे, श्वास, हात, पाय, जागेपण. कमाल सात, तीनच्या वर वेदना. सरावलेल्या सिस्टरला याला मिनिटभर पुरते.

इथे एक मेख आहे, ती शिकवताना पुष्कळदा सुटते. फार लहान, आजारी किंवा दिवसभर टोचून थकलेले बाळ शेवटी प्रतिसादच देत नाही. अंग सैल सोडते, नजर लावून पडून राहते. वॉर्डात त्याला "शांत बाळ" म्हणतात. पीआयपीपीत कमी आठवड्यांच्या बाळाला जादा गुण धरतात ते याचसाठी.

आता उपाय. सगळ्यात परिणामकारक उपाय कंटाळवाणा आहे: कमी टोचा. सकाळच्या राउंडला सीआरपी (जंतुसंसर्गासाठी), दुपारी बिलिरुबिन (काविळीसाठी), संध्याकाळी हिमोग्लोबिन अशा तीन वेळा तीन सुया का? एकदाच शिरेतून रक्त घेऊन भागते. एक किलोच्या बाळाच्या अंगात सगळे मिळून ८०-९० मि.ली. रक्त असते. म्हणजे प्रत्येक अनावश्यक तपासणी त्याला दुखवतेही आणि रक्त भरायची वेळही जवळ आणते. कावीळ पाहायला कातडीवर टेकवायचे यंत्र असेल तर कितीतरी सुया वाचतात (फोटोथेरपी सुरू झाल्यावर त्याचा आकडा भरवशाचा राहत नाही, हे ध्यानात ठेवून). फार लहान बाळाला पहिल्या दिवसापासून नाळेतून कॅथेटर टाकले तर औषधे आणि सलाइनसाठीचे टोचणे काही दिवस टळते. नाळेत वेदनेचे तंतूच नसतात, दुखतो तो शेजारच्या कातडीला घातलेला टाका.

टाच टोचायचीच असेल तर ती कशी टोचतात यावर फार अवलंबून आहे. तळटाचेची आतली किंवा बाहेरची कड, मधोमध नाही, कारण तिथे हाड जवळ असते. खोली दोन मिलिमीटरच्या आत. स्प्रिंगचे, टोचून आपोआप परत जाणारे छोटे पाते म्हणजे लॅन्सेट; ते खोली सांभाळते, हातात धरून खुपसलेली २६ नंबरची सुई सांभाळत नाही. आपल्याकडे सर्रास सुईच वापरतात, कारण ती ट्रेमध्ये असते. आणि खरी वेदना टोचण्यापेक्षा पिळण्याची असते. जोराने पिळले की तांबड्या पेशी फुटतात, पोटॅशियम खोटेच वाढलेले येते, प्रयोगशाळा नमुना परत पाठवते आणि बाळाला पुन्हा टोचावे लागते. जास्त रक्त हवे असेल तर टाच नकोच, सरावलेल्या हाताने शिरेतून घ्यावे. दिवस भरलेल्या बाळांत ते कमी दुखते, हे अभ्यासांतून स्पष्ट झाले आहे. टाच टोचण्यासाठी सुन्न करणारे मलम किंवा पॅरासिटामॉल देऊ नये. दोन्हींचा त्या वेदनेवर उपयोग होत नाही.

दुसरा उपाय आई. बाळ चोखू शकत असेल तर अंगावर पाजता पाजता टाच टोचावी. पाजणे टोचण्याआधी किमान दोन मिनिटे सुरू झालेले हवे आणि टोचून होईपर्यंत तुटता कामा नये. चोखता येत नसेल तर कांगारू पद्धतीने, आईच्या उघड्या छातीवर कातडीला कातडी लावून, आधी दहा-पंधरा मिनिटे आणि टोचतानाही. आई सिझेरियननंतर वरच्या मजल्यावर असेल किंवा तालुक्याच्या दवाखान्यातच अडकली असेल, तर वडील, मावशी, आजी कुणीही चालते. हेही शक्य नसेल तर दोन तळहातांनी बाळाचे डोके आणि दुमडलेले पाय अलगद धरून ठेवायचे, गर्भाशयात असते तसे आवळून. त्याला दुसऱ्या माणसाचे हात लागतात आणि वॉर्डात तो दुसरा माणूस नसतो. तो माणूस दाराबाहेरच्या बाकावर बसलेला असतो.

तिसरा उपाय गोड थेंब. परदेशात २४ टक्के सुक्रोज, म्हणजे साखरेचे पाणी, वापरतात. आपल्याकडे २५ टक्के डेक्स्ट्रोजचा (ग्लुकोजचा) अँप्यूल जवळजवळ प्रत्येक वॉर्डात असतो. किलोभराच्या बाळाला ०.१ ते ०.२ मि.ली., म्हणजे दोन-चार थेंब. दिवस भरलेल्या बाळाला १ ते २ मि.ली., हळूहळू. थेंब जिभेच्या टोकावर सोडायचे आणि दोन मिनिटे थांबायचे. परिणाम त्यानंतर साधारण चार-पाच मिनिटे टिकतो, प्रक्रिया लांबली तर पुन्हा थोडे. चुका ठरलेल्या आहेत. एका हाताने थेंब, दुसऱ्या हाताने सुई, मध्ये दोन सेकंदही नाहीत. नाहीतर थेंब पोटाच्या नळीतून दिलेले. ते निरुपयोगी, कारण परिणाम चवीतून होतो, पोटातून नाही. नाहीतर सकाळी फोडलेला एकच अँप्यूल रात्रीपर्यंत सगळ्या बाळांना. जंतुसंसर्गाला यापेक्षा सोपे आमंत्रण नाही. दर बाळाला वेगळी, नाव लिहिलेली एक मि.ली.ची सिरिंज भरून ठेवायची आणि पाळी बदलली की फेकायची.

(हे वाचून कुणी घरी बाळाला मध चाटवू नये. मधातून बोट्युलिझमचा धोका असतो. वॉर्डातले हे थेंब टोचण्याच्या वेळेपुरते, मोजून दिलेले औषध आहे. त्यामुळे निव्वळ स्तनपानाच्या नियमाला बाधा येते, हा आक्षेपही टिकत नाही.)

पण गोड थेंबांवर सगळी भिस्त ठेवणे मला पटत नाही. थेंबांनी चेहऱ्यावरच्या खुणा आणि रडणे कमी होते, हे पक्के आहे. मात्र २०१० साली लंडनमध्ये झालेल्या अभ्यासात, टाच टोचताना मेंदूत उमटणारा विद्युत प्रतिसाद सुक्रोजने कमी झाला नाही. दुसऱ्या एका अभ्यासात, ३१ आठवड्यांआधी जन्मलेल्या ज्या बाळांना पहिल्या आठवड्यात दिवसाला दहापेक्षा जास्त वेळा सुक्रोज दिले गेले, त्यांचे विकासाचे काही गुण नंतर कमी आढळले. या निष्कर्षांवर वाद आहेत आणि थेंब बंद करावेत असा त्यांचा अर्थ नाही. क्रम मात्र त्यातून ठरतो: आधी टोचणे कमी, मग आई, मग थेंब. आपल्याकडे जिथे काही केले जाते तिथे क्रम उलटा असतो, कारण थेंब देणे सोपे आणि आईला आत घेणे अवघड.

औषधांच्या बाबतीत दोन टोके दिसतात. एकीकडे श्वासनलिकेत नळी घालताना काहीच न देणे. जन्मताच श्वास नसलेल्या बाळाच्या बाबतीत ते समजू शकते, तिथे सेकंद मोजायचे असतात. पण वॉर्डात ठरवून, वेळ हातात असताना नळी घालायची असेल तर आधी औषध द्यावे, असे अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१० सालीच सांगितले आहे. हृदयगती घसरू नये म्हणून ॲट्रोपिन २० मायक्रोग्रॅम प्रति किलो, फेंटानिल १ ते ३ मायक्रोग्रॅम प्रति किलो आणि हाताशी स्नायू शिथिल करणारे औषध. फेंटानिलच्या अँप्यूलमध्ये एका मि.ली.त ५० मायक्रोग्रॅम असतात. त्यातला १ मि.ली. घेऊन ९ मि.ली. सलाइन मिसळले की एका मि.ली.त ५ मायक्रोग्रॅम होतात. एक किलोच्या बाळाला २ मायक्रोग्रॅम म्हणजे ०.४ मि.ली. हे पातळ करणे विसरले की मात्रा दसपट, म्हणून दोघांनी ताडून पाहिल्याशिवाय सिरिंज बाळापर्यंत जाता कामा नये. आणि द्यायचे तीन ते पाच मिनिटांत, हळू. घाईने ढकलले तर छातीचे स्नायू लाकडासारखे ताठ होतात, श्वास देणारी बॅग दाबूनही छाती उठत नाही. तेव्हा स्नायू शिथिल करणारे औषध किंवा नॅलोक्सोन हा फेंटानिलचा उतारा लागतो. हे एकदा पाहिलेला डॉक्टर पुढे फेंटानिलच्या वाटेला जात नाही, आणि दोष औषधावर जातो, घाईवर नाही.

दुसरे टोक म्हणजे व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक बाळाला मिडाझोलाम. मिडाझोलाम झोप आणते, वेदना घालवत नाही. बाळ हलत नाही, व्हेंटिलेटरशी झगडत नाही, वॉर्ड शांत राहतो, पण दुखायचे ते दुखतेच. १९९९ साली ६७ बाळांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात मृत्यू किंवा मेंदूची गंभीर इजा मिडाझोलाम गटात ३२ टक्के होती, औषध नसलेल्या गटात २४ आणि मॉर्फिन गटात ४. त्यावरून मॉर्फिनबद्दल मोठी आशा निर्माण झाली. पुढे २००४ साली ८९८ बाळांवर मॉर्फिनची मोठी चाचणी झाली, तेव्हा मेंदूचे रक्षण काही दिसले नाही. उलट व्हेंटिलेटरचे दिवस वाढले आणि आधीच रक्तदाब कमी असलेल्या बाळांना त्रास झाला. २०१८ साली इंग्लंडमध्ये डोळ्यांच्या तपासणीआधी तोंडाने मॉर्फिन देण्याची चाचणी ३१ बाळांनंतर थांबवावी लागली, कारण श्वास मंदावत होता आणि वेदना काही कमी होत नव्हती. म्हणून "बाळाला दुखतं, सरसकट मॉर्फिन सुरू करा" ही मागणी मी करणार नाही. शस्त्रक्रियेनंतर, छातीतल्या नळीसाठी, आतडे सडण्याच्या आजारात मॉर्फिन किंवा फेंटानिल हवेच, तेही गुण मोजून आणि रोज कमी करता येते का हे पाहून. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर शिरेतून पॅरासिटामॉल दिल्यास मॉर्फिनची गरज बरीच घटते. २०१३ सालच्या डच चाचणीत ती ६६ टक्क्यांनी घटली होती.

डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीचा उल्लेख आलाच आहे, तर त्यावर थोडे. आपल्याकडे दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांची ही तपासणी तीस दिवसांच्या आत व्हायला हवी, फार लहान बाळांची दोन-तीन आठवड्यांतच. ती टाळून चालत नाही, दृष्टीचा प्रश्न आहे. पण पापण्या चिमट्याने उघड्या ठेवून डोळा दाबणे बाळाला फार दुखते. त्यासाठी दुपट्यात गुंडाळणे, डोळा सुन्न करणाऱ्या ०.५ टक्के प्रोपॅराकेनचा थेंब डोळ्यात, गोड थेंब जिभेवर, दोन मिनिटे थांबणे आणि तपासणी शक्य तितकी आटोपशीर. घडते असे की नेत्रतज्ज्ञ आठवड्यातून एकदा येतात, बाळांची रांग लावलेली असते आणि बाहुली मोठी करायचे थेंब आठवणीने घातले जातात, बाकीचे राहून जाते. रांगेतल्या पुढच्या बाळाला आधीच्याची तपासणी सुरू होताना थेंब द्यायचे, एवढी व्यवस्था एका सिस्टरला जमते.

मग अडते कुठे? फेंटानिल-मॉर्फिनच्या बाबतीत कायद्यावर बोट ठेवले जाते. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा खरोखरच जाचक होता. पण २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन आणि फेंटानिलसह सहा औषधे अत्यावश्यक ठरवली. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून राज्याच्या औषध नियंत्रकांकडे एकदा नोंद केली की पूर्वीसारखे चार परवाने लागत नाहीत. व्हेंटिलेटर चालवणाऱ्या प्रत्येक सरकारी रुग्णालयाने ही नोंद करायलाच हवी. ज्यांच्याकडे ती नाही ते कायद्यामुळे नाही, अर्ज न केल्यामुळे अडले आहेत.

आईला आत घेण्याबद्दल जंतुसंसर्गाचे कारण दिले जाते. त्याचे उत्तर भारतातच मिळाले आहे. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय ज्यात होते, त्या पाच देशांतल्या चाचणीत जन्मल्यापासून आईजवळ कांगारू पद्धतीने ठेवलेल्या बाळांचा २८ दिवसांतला मृत्युदर १२ टक्के होता, नेहमीच्या पद्धतीत १५.७. आईला आत घेतल्याने बाळे वाचली. केंद्राच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेतही एसएनसीयूत आईवडिलांना हात धुवायला शिकवून आत घ्यावे, असेच आहे. तरी अनेक दारांवर "नातेवाइकांना प्रवेश नाही" हीच पाटी असते, आणि आईला तीन तासांनी दूध पिळून द्यायला तेवढे बोलावतात.

राज्याने करायचे ते फार खर्चाचे नाही. एसएनसीयू आणि एनआयसीयूच्या रोजच्या तक्त्यात दोन रकाने: वेदनेचे गुण आणि दिवसात किती वेळा टोचले. गुण दर पाळीला नाडीबरोबर लिहायचे आणि प्रत्येक मोठ्या प्रक्रियेच्या वेळी वेगळे. गोड थेंबांची लेखी आज्ञा दाखल करतानाच, म्हणजे रात्री सिस्टरला डॉक्टरची वाट पाहावी लागणार नाही. लॅन्सेट खरेदीच्या यादीत. आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून नवजात अतिदक्षतेचे पैसे ज्या खासगी रुग्णालयांना मिळतात, त्यांच्या दाव्याबरोबर हाच तक्ता.

यावर सिस्टर म्हणतील, आधीच कागद कमी आहेत का? तक्रार रास्त आहे. मनुष्यबळ न वाढवता रकाने वाढवले तर ते बसल्या जागी भरले जातील: शून्य, शून्य, शून्य. म्हणून नुसते गुण पाहून भागणार नाही, दोन्ही रकाने शेजारी ठेवून वाचावे लागतील. ज्या बाळाची त्या दिवशी आठ वेळा साखर तपासली, दोन वेळा सलाइन बदलले, आणि तिन्ही पाळ्यांत वेदना शून्य, तो तक्ता खोटा आहे हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. महिन्याच्या मृत्यू आढावा बैठकीत असे पाच तक्ते घेऊन बसायला अर्धा तास पुरतो, आणि ती बैठक जिल्ह्यात तशीही होतेच.